पहाटे चारला झोप आणि सकाळी दहाला पेपर : पाच आठवड्यांत झोप जागेवर कशी आणावी

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. वय २३, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चौघांची खोली आणि रात्रभर उघडी असणारी अभ्यासिका. झोप लागते पहाटे चार ते साडेचारच्या दरम्यान, जाग येते दुपारी बारा-साडेबाराला. परीक्षेला पाच आठवडे उरले आहेत आणि पहिला पेपर सकाळी दहाला आहे. अख्खी रात्र जागून दुसऱ्या दिवशी लवकर झोपण्याचा प्रयोग तुम्ही दोनदा केला आणि दोन्ही वेळा चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न झाले. पहाटे पाचचे चार-चार गजर लावून पाहिले, तेही टिकले नाही. दोन-तीन दिवसांत हे रुळावर आणणारी एखादी युक्ती किंवा गोळी आहे का, की आपल्यातच चिकाटी कमी आहे, असे तुम्ही विचारता.

दोन-तीन दिवसांत हे होणार नाही. पाच आठवड्यांत मात्र बहुतेकांचे होते, आणि चिकाटीचा त्याच्याशी तुम्हाला वाटतो तेवढा संबंध नाही. पुण्यात मानसोपचाराचे काम करताना गेल्या वीसेक वर्षांत तुमच्यासारखी शेकडो मुले-मुली माझ्यासमोर बसली आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण स्वतःला आळशी ठरवूनच आलेले होते. दिवसाला दहा-दहा तास वाचणारा मुलगा आळशी कसा असेल? त्याचे शरीरातले घड्याळ सरकलेले असते, आणि ते ज्या किल्लीने फिरते ती त्याला कोणी दाखवलेली नसते.

हे घड्याळ म्हणजे अलंकारिक बोलणे नव्हे. फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी १७२९ साली लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. तसेच काही आपल्यातही आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूत जिथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके असतात. दोन्ही मिळून सुमारे २० हजार पेशी. शरीराचे तापमान कधी उतरायचे, रात्र झाल्याची खूण शरीराला देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कधी पाझरायचे, भूक आणि तरतरी कधी यायची, हे तिथून ठरते. माणसांमध्ये या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो. म्हणून रोज थोडे उशिरा झोपणे कुणालाही सहज जमते आणि रोज थोडे लवकर झोपणे जड जाते. विशीच्या आसपास तर घड्याळाचा कल मुळातच उशिराकडे असतो. त्यात खोलीत दिवसभर चौघांचा वावर आणि रात्री अभ्यासिकेत शांतता, म्हणजे उशिराकडे जाण्याला सगळीच कारणे मिळतात.

आता सकाळचे दहा तुमच्या शरीरासाठी काय आहेत ते पाहा. शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते ती वेळ बहुतेकांच्या बाबतीत नेहमीच्या जाग येण्याआधी दोन-तीन तास असते. सहा-साडेसहाला उठणाऱ्यासाठी ती पहाटे चारच्या सुमारास येते. तुमच्यासाठी ती सकाळी साडेनऊ-दहाला येते. म्हणजे ज्या क्षणी पर्यवेक्षक प्रश्नपत्रिका वाटतील, त्या क्षणी तुमच्या मेंदूत ऐन मध्यरात्र असेल. चालू घडामोडी कितीही पाठ असल्या तरी त्या वेळी चार पर्यायांतला फरक पटकन दिसत नाही. पहाटे चारला गदागदा हलवून उठवलेल्या माणसाला फोन नंबर विचारावा, तसे ते असते. एवढ्याचसाठी मी तुम्हाला वेळ बदलायला सांगतो आहे. रात्री अभ्यास करणे वाईट असते, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

तुमचा पहाटे पाचचा गजर का फसला, हे समजून घेणे सगळ्यांत महत्त्वाचे आहे, कारण ही चूक मी स्वतः सल्ला देताना केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात साधारण तुमच्याच वेळापत्रकाचा एक मुलगा आला होता. मी त्याला सांगितले की उद्यापासून पाचला ऊठ आणि पर्वतीच्या पायऱ्या चढून उगवतीचे ऊन घे. बिचाऱ्याने आठ दिवस इमानेइतबारे केले. नवव्या दिवशी तो आला तेव्हा डोळे सुजलेले होते आणि झोप लागण्याची वेळ चारवरून साडेपाचवर गेली होती. मला तेव्हा त्याचा उलगडा झाला नाही. मी त्याला आणखी नेटाने करायला सांगितले, आणि त्याची खंत मला आजही वाटते.

कारण असे आहे. उजेड घड्याळ हलवतो, पण कोणत्या दिशेने हलवतो ते उजेड केव्हा पडला यावर ठरते. तापमानाच्या त्या सर्वांत खालच्या बिंदूनंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. त्या बिंदूच्या आधीच्या काही तासांत पडलेला उजेड ते पुढे ढकलतो. सहाला उठणाऱ्याच्या दृष्टीने सहाचे ऊन हे सकाळचे ऊन आहे. चारला झोपून बाराला उठणाऱ्याच्या दृष्टीने ते मध्यरात्रीच्या आधीचे ऊन आहे, आणि ते त्याला आणखी उशिराकडे लोटते. त्या मुलाला मी रोज सकाळी, नकळत, चुकीच्या दिशेने ढकलत होतो. तेव्हा पाचचा गजर बंद करा. तुमचा ‘सकाळचा उजेड’ सध्या दुपारी आहे. तिथूनच सुरुवात करायची.

पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. त्यातले पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. चौकटींची वही घ्या, एका ओळीत २४ चौकटी म्हणजे एक दिवस, आणि जेवढा वेळ झोप झाली तेवढ्या चौकटी पेन्सिलीने काळ्या करा. चहाला लाल टिंब, जेवणाला निळे. मोबाइलवर यासाठी अ‍ॅप असतात, पण मी वहीच मागतो, कारण त्यासाठी फोन हातात घ्यावा लागत नाही. मराठवाड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीची वही माझ्या नीट लक्षात आहे. मंगळवार ते रविवार काळी पट्टी जवळपास एका रेषेत, आणि दर सोमवारी ती अचानक दोन-अडीच चौकटी उजवीकडे उडी मारत होती. आम्ही दोघांनी ती पाने शेजारी-शेजारी ठेवली तेव्हा कारण दिसले. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असायची. पुरी, श्रीखंड, मसालेभात झाला की ती तीन ते साडेसहा गाढ झोपायची, रात्री मेस बंद म्हणून साडेदहाला बाहेर जेवायची, आणि मग दोन-तीनपर्यंत झोपेचे नाव नसायचे. सहा दिवस जमवलेले एका दुपारी सुटत होते. फीस्ट सोडायला मी तिला सांगितले नाही. जेवणानंतर वीस मिनिटांचा गजर लावायला सांगितला, एवढेच.

चौथ्या दिवसापासून सरकायला लागा. पहिला गजर दुपारी बाराचा, आणि मग दर दोन दिवसांनी तो अर्ध्या तासाने अलीकडे. बारापासून सकाळी साडेसहापर्यंत साडेपाच तास आहेत, म्हणजे ११ पायऱ्या, म्हणजे २२ दिवस. तीन आणि बावीस पंचवीस. परीक्षेआधीचे १० दिवस हातात राहतात, आणि त्या दिवसांत वेळ फक्त टिकवायची आहे. तुम्हाला वाटेल की रोज एक तास ओढले तर हे पाच-सहा दिवसांत होईल. नीट आखलेल्या उपचारात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, घड्याळ रोज तासभर हलू शकते. पण मेस, अभ्यासिका आणि तीन रूममेट यांच्या मध्ये राहून कुणी तो वेग टिकवल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. गजर पुढे पळतो, घड्याळ मागे राहते, आणि मग उजेड पुन्हा चुकीच्या बाजूला पडू लागतो.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. आपल्याकडे ‘लवकर निजे, लवकर उठे’ असे म्हणतात आणि त्यात निजणे आधी येते. उपचारात उठणे आधी येते. झोपेची वेळ ठरवून अंथरुणावर पडण्याचा आग्रह धरू नका. झोप हुकमाने येत नाही, उठणे मात्र हातात आहे. उठण्याची वेळ पक्की राहिली आणि उजेड मिळाला की दोन-तीन दिवसांच्या अंतराने झोप आपोआप अलीकडे येऊ लागते. मधल्या दिवसांत झोप तासभर कमी पडेल आणि जड वाटेल. ते अपेक्षित आहे, पण त्या दिवसांत नवा अवघड विषय उघडू नका, उजळणी ठेवा.

गजर वाजला की दहा-पंधरा मिनिटांत खोलीबाहेर पडायचे आणि किमान अर्धा तास उघड्यावर राहायचे. खिडकीजवळ बसून हे साधत नाही. अभ्यासिकेतल्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो. ढगाळ आभाळाखालीही, अगदी पावसाळ्यात छत्री घेऊन उभे राहिलात तरी, तो कित्येक हजार लक्स असतो, आणि ऐन उन्हात लाखाच्या आसपास जातो. आपल्या डोळ्यांत घड्याळाला वेळ कळवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्यांना ट्यूबलाइट आणि आभाळ यांतला हा फरक चांगला कळतो. पहिल्या आठवड्यात तुमची ही वेळ भर दुपारची येईल, तेव्हा उन्हात उभे राहू नका. झाडाची किंवा इमारतीची सावली पुरते, गॉगल मात्र नको. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे सांगायला नकोच. नंतर हीच वेळ सरकत सरकत सकाळच्या चहावर येईल. पुण्यात सूर्योदय जानेवारीत सातनंतर आणि मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेसहा ही उठण्याची वेळ वर्षातला बराच काळ उजेडाशी जुळते.

रात्रीची बाजूही तितकीच सांभाळावी लागेल. ज्या वेळी झोपायचे त्याच्या आधीचे दोन तास मोठा, पांढरा, डोक्यावरचा उजेड टाळा. रात्रभर चालू असणाऱ्या अभ्यासिकेत नेमके उलटे होते. झोप चारवर असताना अभ्यासिकेतून दोनला बाहेर पडा. झोप एकवर आली की अकराला. उरलेले वाचन खोलीवर, एका पिवळसर दिव्याखाली, भिंतीकडे तोंड करून करा. फोनविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. त्याच्या पडद्याच्या उजेडाची चर्चा फार होते, पण मी पाहतो ते नुकसान बहुतेक वेळा उजेडापेक्षा फोनवर जे चालले असते त्याने होते. टेलिग्रामच्या ग्रुपवर रात्री दीडला कुणीतरी कटऑफची अफवा टाकतो आणि पुढचा दीड तास छातीत धडधडत जातो. पडदा पिवळा केल्याने ती धडधड थांबत नाही. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणा.

चहाबद्दल सांगतो, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही आणि या वयात तो मला जवळपास प्रत्येकाच्या वहीत सापडतो. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जाते आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. कॅफिन ती ओढ कमी करत नाही. ती जाणवू देत नाही. निम्मे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. टपरीवरचा एक कटिंग फार नसतो, पण रात्री अकरा, साडेबारा आणि दोनला मित्रांबरोबर घेतलेले तीन कटिंग आणि एक कॉफी मिळून पहाटे चारपर्यंत सहज पुरतात. त्या वेळी खरे तर पाय मोकळे करायचे असतात आणि चार शब्द बोलायचे असतात. तेव्हा टपरीवर जरूर जा, पण झोपेच्या वेळेआधी आठ तास चहा-कॉफी थांबवा. जेवणाचेही तसेच. पोटातल्या आणि यकृतातल्या पेशींची आपापली घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळेवरून चालतात. उठल्यावर तासाभरात काहीतरी भरीव खा, आणि रात्री एकची भुर्जी-पाव बंद करा. झोपताना चिमूटभर जायफळ घातलेले दूध प्यायला घरचे सांगतील. ते घ्यायला हरकत नाही, पण त्याने घड्याळ सरकत नाही, आणि जायफळाचे प्रमाण वाढवले तर ते विषारी ठरते.

कॉट बेसिसच्या खोलीत कॉट हीच बैठक, तेच टेबल आणि तेच अंथरूण असते, हे मला ठाऊक आहे. अंथरुणावर बसून अभ्यास करण्याची सवय झाली की अंथरूण दिसताच मेंदू कामाला लागतो. जागा नसेल तर दिवसा गादी गुंडाळून ठेवा आणि वर चटई टाका; झोपताना गादी उलगडा. बाहेरून क्षुल्लक दिसणाऱ्या या बदलाचा उपयोग मी अनेकदा पाहिला आहे. वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी साधे वाचा आणि पापण्या जड झाल्या की परत या. रूममेटशी एकदा समोरासमोर बसून बोला. तुम्ही लवकर झोपू लागलात की त्यांच्या दिव्याचा आणि फोनवरच्या बोलण्याचा त्रास सुरू होईल. डोळ्यांवर पट्टी आणि कानात मेडिकलमध्ये मिळणारे बोळे, एवढ्यावर बऱ्याच जणांचे निभावते.

अख्खी रात्र जागून ‘रीसेट’ करण्याबद्दल. त्याने दुसऱ्या दिवशी झोपेची ओढ प्रचंड वाढते, म्हणून तुम्हाला नऊला झोप लागली आणि वाटले की जमले. घड्याळ मात्र जवळपास तिथेच होते, त्यामुळे साठलेला थकवा फिटताच तुम्ही परत चारवर गेलात. त्या दिवशी गाडी चालवणे हा वेगळाच धोका आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना जितकी घसरते तितकी घसरते. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. रात्रभर जागून सकाळी दुचाकीवर गावी निघालेल्या मुलांचे अपघात मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका.

गोळ्यांचे स्पष्ट सांगतो. मित्राच्या चिठ्ठीवर आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी झोप आणते, पण घड्याळ हलवत नाही. तिची सवय लागते, आणि दुसऱ्या दिवशी वाचलेले टिकत नाही. ती शेड्यूल एच-वन या औषधांच्या कडक नियमांच्या यादीतली गोळी आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही, ते याच कारणाने. मेलाटोनिन वेगळे आहे; ते घड्याळ अलीकडे आणायला मदत करू शकते, पण त्यासाठी ते नेहमीच्या झोपेच्या बरेच तास आधी आणि अगदी थोडे घ्यावे लागते. बहुतेक जण पाच मिलिग्रॅमची गोळी अंथरुणावर पडताना घेतात आणि उपयोग नाही म्हणून सोडून देतात. घ्यायचेच असेल तर वेळ आणि मात्रा डॉक्टरकडून ठरवून घ्या.

काही जणांनी मात्र हे वाचून स्वतः काहीच सुरू करू नये. झोप अगदी कमी होऊनही उत्साह ओसंडतो आहे, बोलणे आणि खर्च वाढला आहे, असे कधी झाले असेल, किंवा घरात कुणाला बायपोलर आजार असेल, तर झोप कमी करणे आणि तीव्र उजेड घेणे दोन्ही धोक्याचे ठरू शकते. जोरात घोरणे आणि दिवसा बसल्या-बसल्या डोळा लागणे हा श्वासाचा विकार असू शकतो. आणि रात्री झोप न लागण्याचे कारण घड्याळ नसून मनावरचे ओझे असेल, कशातच रस उरला नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वही आणि गजर बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. परीक्षा पुन्हा येते.

शेवटच्या दहा दिवसांत निदान चार सराव पेपर बरोबर दहाला सुरू करा, शक्य असल्यास खोलीबाहेर, अनोळखी टेबलावर. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालेल, पण तीनच्या आत, आणि गजर लावूनच. दुसरा पेपर दुपारी असतो, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी ती मिळणार नाही, म्हणून शेवटचे तीन दिवस ती सोडा. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप नीट लागली नाही तर घाबरू नका. आधीचे दहा दिवस नीट गेले असतील तर त्या एका रात्रीने सकाळी दहाची तुमची तरतरी पुसली जात नाही. मधल्या काळात एखाद्या रात्री लग्न, प्रवास किंवा आजारपण यांमुळे तीन वाजतील. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून अकरापर्यंत झोपू नका. गजर ज्या पायरीवर होता तिथेच ठेवा, फार तर अर्ध्या तासाची सूट घ्या, बाहेर जाऊन उजेड घ्या, आणि पुढची पायरी एक दिवस उशिरा चढा.